लळा: पोपट, हॅमस्टर आणि माझं गुलाबी पिल्लू

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे ऑफिसची मीटिंग चालू असताना गुपचूप वाचतात, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना मी एका ठिकाणी बराच वेळ गप्प झालो होतो, तेवढं इथे दिसणार नाही. बाकी सगळं जवळपास तसंच.

तर झालं असं. गेल्या महिन्यात विसरवाडीहून भाचीचा व्हॉइस मेसेज आला. भाची दहा वर्षांची. "मामा, मला एक छोटासा प्राणी घेऊन दे. कुत्रा नको, आई नाही म्हणते. असा पाहिजे की तो मला ओळखेल. दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही." लगेच दुसरा मेसेज, त्यात पर्याय: पोपट, हॅमस्टर, नाहीतर ते रंगीत लव्ह बर्ड्स. रील्स बघून यादी तयार होतीच. मामाने फक्त ऑर्डर द्यायची.

विसरवाडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नंदुरबार जिल्हा, नवापूर तालुका, सुरत-धुळे हायवेवरचं गाव. सुरतकडून येताना नवापूर सोडलं की साधारण वीस किलोमीटर. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मी कोड लिहिणारा माणूस. एखादी लायब्ररी वापरण्याआधी ती कुठून आली, कोणी लिहिली, हे बघायची सवय. म्हटलं, हे प्राणी माणसाच्या घरात आले कसे ते आधी बघू. "मला ओळखेल" ही भाचीची अट होती. मराठीत त्याला फार छान शब्द आहे, लळा. कोणाला कोणाचा लळा लागला आणि त्यासाठी काय करावं लागलं, एवढंच शोधायचं ठरवलं.

पोपटापासून सुरुवात करू, कारण तो आपलाच.

इसवी सनपूर्व ४०० च्या आसपास क्टेसियस नावाचा एक ग्रीक वैद्य इराणच्या दरबारात नोकरीला होता. तो भारतात कधी आलाच नाही, पण भारतावर पुस्तक लिहून मोकळा झाला. (असे लोक आजही आहेत.) त्यात त्याने एका पक्ष्याबद्दल लिहिलंय, जो माणसासारखं बोलतो. भारतातली भाषा बोलतो, आणि ग्रीक शिकवली तर ग्रीकही बोलतो. हा आपला मिठू. पोपटाच्या एका मोठ्या भारतीय जातीला इंग्रजीत अलेक्झांडरचं नाव आहे, कारण त्याच्या मोहिमेनंतर हे पक्षी तिकडे पोचले असं मानतात. आपल्याकडे तर विचारूच नका. कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे, त्यात पोपट-मैनेला बोलायला शिकवणं ही एक कला म्हणून आहे. 'शुकसप्तती'मधला पोपट मालकिणीने रात्री घराबाहेर पडू नये म्हणून रोज एक गोष्ट सांगत बसतो. ती मराठीत 'शुकबहात्तरी' म्हणून आली. म्हणजे दोन हजार वर्षांहून जास्त काळ आपण पोपटाशी बोलतोय.

पण एक गोष्ट या सगळ्या कथांमध्ये कोणी सांगत नाही. पोपट पिंजऱ्यात येतो कुठून? कोंबडीसारखी त्याची पैदास घरोघर कधी झाली नाही. आपला नेहमीचा, गळ्यात पट्टा असलेला पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला. पकडणारे ढोलीत हात घालून पिल्लं काढतात, पंख फुटायच्या आत. कारण मोठा झालेला पोपट माणसाळत नाही. डोळे उघडताना समोर जो असेल, भरवणारा जो असेल, तो त्याचा. वर तो थव्याने राहणारा, जोडीने राहणारा पक्षी. पिंजऱ्यात एकटा ठेवला की त्याच्यासाठी थवाही तुम्हीच आणि जोडीदारही तुम्हीच. आपल्याला वाटतं, बघा किती प्रेम करतो. त्याच्याकडे दुसरं कोणी ठेवलेलंच नसतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण कमेंटमध्ये तुम्ही विचारणारच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९०-९१ मध्ये भारतातल्या सगळ्या रानपक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात हा साधा पोपटही दुसऱ्या अनुसूचीत गेला. तेव्हा "आमच्या आजोबांकडे पण होता" हे उत्तर चालत नाही. भारतीय पोपट, मैना, मुनिया, स्टार कासव, यातलं काहीच विकत घ्यायचं नाही. आणि घरात आधीपासून मिठू असेल तर हा भाग वाचून भावनेच्या भरात पिंजरा उघडू नका. वर्षानुवर्षं आत राहिलेला पोपट बाहेर दोन दिवस काढत नाही. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे विचारा.

पोपट कटाप. भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग हॅमस्टर?"

हॅमस्टरची गोष्ट मला माहीत नव्हती, आणि वाचल्यावर रात्री झोप लागली नाही. १९३० साल. इस्रायल आहारोनी नावाचे प्राणिशास्त्रज्ञ, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले. सीरियात अलेप्पोजवळ सोनेरी रंगाचा एक उंदरासारखा प्राणी असतो, असं शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींत होतं. जिवंत कोणी फारसा बघितलेला नव्हता. आहारोनींनी एका गव्हाच्या शेतात मजूर लावून खणायला लावलं. बरंच खोल गेल्यावर घरटं सापडलं, त्यात आई आणि अकरा पिल्लं. सगळी एका खोक्यात ठेवली. आईने घाबरून एका पिल्लाचं डोकं चावून तोडलं. बाकीची वाचवायची म्हणून आहारोनींनी आईला सायनाइडच्या बाटलीत टाकून मारलं. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. ती त्यांनी आणि त्यांच्या बायकोने हाताने वाढवली. त्यातली काही पळाली, काही मेली. जी थोडी उरली, त्या भावंडांचीच पुढे पैदास झाली, आणि आज जगभर पिंजऱ्यात चाकावर धावणारे जे सोनेरी हॅमस्टर आहेत, ते जवळपास सगळे त्या एका बिळातले.

आता लळ्याचं बघा. हॅमस्टर मुळात एकटा राहणारा प्राणी. मोठे झालेले दोन सोनेरी हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवले तर एकमेकांना जिवे मारेपर्यंत भांडतात. त्याला थवा नको, कळप नको. तो तुमच्या वासाला सरावतो, हातावर बसतो, पण "तू आलास, बरं झालं" असं त्याला वाटायला त्याच्या स्वभावात जागाच नाही. शिवाय रात्री जागतो, जगतो दोन-तीन वर्षं, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात त्याचं काय होईल ते सांगायला नको. प्राणी म्हणून मस्त आहे. भाचीची अट तो पूर्ण करत नाही, एवढंच.

इथपर्यंत आल्यावर मी लॅपटॉप बंद केला. कारण पोपट आणि हॅमस्टर, दोन्ही गोष्टींत एक पायरी सारखी होती: आई बाजूला केली. आणि मला माझं पिल्लू आठवलं.

२००५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी तेव्हा नऊ वर्षांचा असेन. बाजारात एक माणूस टोपलीत रंगीत पिल्लं घेऊन यायचा. गुलाबी, हिरवी, जांभळी. तुमच्यापैकी गावाकडच्या लोकांनी नक्की बघितली असतील. ही पिल्लं कुठली असतात ते मला खूप नंतर कळलं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या हॅचरीत जे नर निघतात, ते अंडी देणार नाहीत आणि त्यांच्या अंगावर मांसही लवकर धरत नाही, म्हणून बिनकामाचे. ते फेकून द्यायचे, नाहीतर रंगात बुडवून कवडीमोलाने विकायचे. मी गुलाबी घेतलं. मशिनमध्ये जन्मलेलं, आई कधी बघितलेलीच नाही.

ते माझ्या मागे फिरायचं. अतिशयोक्ती नाही करत. मी उठलो की उठायचं, मी मोरीवर गेलो की दाराशी थांबायचं, दिसेनासा झालो की चिवचिवाट करून घर डोक्यावर घ्यायचं. रंग उडून पांढरं झालं, तुरा फुटायला लागला, तरी मागे मागेच.

ह्याला इंग्रजीत इम्प्रिंटिंग म्हणतात आणि कॉन्राड लॉरेन्झचं नाव घेतात. १९३० च्या दशकात हंसाची पिल्लं त्याच्या मागे चालायची, तो फोटो तुम्ही पाहिला असेल, १९७३ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. पण त्याच्या साठ वर्षं आधी, १८७३ मध्ये, डग्लस स्पॉल्डिंग नावाच्या माणसाने हे लिहून ठेवलं होतं, आणि तेही साध्या कोंबडीच्या पिल्लांवर. हा बर्ट्रांड रसेलच्या आई-वडिलांच्या घरी शिकवणीला होता. त्याने अंड्यातून बाहेर येताच पिल्लांच्या डोक्यावर छोट्या टोप्या घातल्या, म्हणजे काही दिसायला नको. दोन-तीन दिवसांनी टोपी काढली, तर पिल्लू समोर जे हलेल त्याच्यामागे जायचं, माणूस असला तरी. पण काही पिल्लांची टोपी जवळपास चार दिवसांनी काढली, तर ती त्याला बघून जीव घेऊन पळाली. म्हणजे ही खिडकी दोन-तीन दिवसांचीच. आपल्या भाषेत सांगायचं तर कॉन्फिग फाइल फक्त बूट होताना एकदा वाचली जाते. नंतर तुम्ही कितीही बदला.

माझ्या पिल्लाच्या बूटच्या वेळी समोर टोपलीवाला आणि मग मी. बस.

आता ते वीस किलोमीटर. जानेवारी २००६ च्या शेवटी नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये कोंबड्या मरायला लागल्या. आधी सगळ्यांना वाटलं मानमोडी, म्हणजे राणीखेत. तो रोग ओळखीचा होता. नमुने भोपाळच्या हाय सिक्युरिटी प्रयोगशाळेत गेले आणि शनिवारी, १८ फेब्रुवारी २००६ ला जाहीर झालं: एच-फाइव्ह-एन-वन, बर्ड फ्लू. भारतातला पहिला. आमचा तालुका, ज्याचं नाव मुंबईतही कोणाला माहीत नव्हतं, तो एका रात्रीत जगभरच्या टीव्हीवर. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, आतापर्यंत आमची प्रसिद्धी तेवढीच होती. त्या बॉर्डरमुळे पलीकडचा उच्छल तालुकाही सापडला.

दहा किलोमीटरचं वर्तुळ आखलं गेलं. आतल्या सगळ्या कोंबड्या मारायच्या. पांढरे सूट, मास्क, गॉगल घातलेली पथकं आली. पोल्ट्रीतल्या लाखोंच्या कोंबड्या गेल्याच, पण पाड्यापाड्यांवर, घराघरांत ज्या पाच-दहा देशी कोंबड्या होत्या त्याही गेल्या. आमच्या भागात आदिवासी घरात कोंबडी म्हणजे पाहुण्याचं जेवण, देवाचा मान, अडीअडचणीला विकायचं एटीएम. पोरांसाठी ती नावाने हाक मारली की येणारी कोणीतरी असते. बातम्यांमध्ये नुकसानीचा आकडा पोल्ट्रीवाल्यांचा यायचा. झापाखालून बाहेर काढलेल्या एकेका कोंबडीचा हिशोब कोण ठेवणार. पथकांचंही चूक म्हणता येत नाही. विषाणू माणसात गेला असता तर काय झालं असतं ह्याची भीती खरी होती. लोकांचे नमुने तपासले गेले, लागण कोणालाच निघाली नाही.

विसरवाडी वर्तुळाच्या बाहेर होती. आमच्याकडे कोणी आलं नाही. पण भीतीला किलोमीटर मोजता येत नाहीत. आईने सांगितलं, हात लावायचा नाही. माझा पांढरा कोंबडा डालग्याखाली गेला. तो दिवसभर ओरडायचा, कारण मी त्याला दिसायचो आणि जवळ जायचो नाही. तीन दिवस. चौथ्या सकाळी डालगं उलटं ठेवलेलं होतं, धुऊन. मी काही विचारलं नाही.

ह्या भागासाठी म्हणून मी बाबांना पहिल्यांदा विचारलं. एकोणीस-वीस वर्षांनी. ते फोनवर थोडा वेळ गप्प होते. म्हणाले, "शेताच्या बांधाला पुरला. चुना टाकून. चांगला धडधाकट होता रे, काही झालं नव्हतं त्याला. पण घरात तू होतास, आणि टीव्हीवर सारखं तेच." मग म्हणाले, "तुझ्यामागे फिरायचा ना तो, म्हणूनच मारावा लागला. बाकीच्या कोंबड्या तुझ्याजवळ कुठे यायच्या."

हे वाक्य मी बरेच दिवस घेऊन फिरतोय.

कोंबडीबद्दल एक गंमत सांगतो. २०२२ मध्ये दोन मोठे अभ्यास आले, जुन्या हाडांच्या नव्याने केलेल्या तपासणीवर. त्यांच्या मते माणसाने पाळलेली कोंबडी म्हणून खात्रीने सांगता येईल अशी सर्वात जुनी हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, इसवी सनपूर्व १६५० ते १२५० च्या दरम्यानची. तांदूळ आणि भरड धान्याची शेती आली, सांडलेल्या दाण्यांच्या आशेने रानकोंबड्या वस्तीजवळ आल्या आणि राहिल्या. म्हणजे कोणी पकडून आणलं नाही, त्या स्वतः आल्या. आणि युरोपात पोचल्यावर पहिली काही शतकं लोक त्यांना खातच नव्हते. आख्ख्या कोंबड्या, सुरीची खूण नसलेल्या, पुरलेल्या सापडतात. ज्युलियस सीझरने ब्रिटनच्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय की हे लोक ससा, कोंबडी आणि हंस खाणं पाप समजतात, पण मनाच्या आनंदासाठी पाळतात. आज जगातला सगळ्यात जास्त खाल्ला जाणारा पक्षी एकेकाळी फक्त लाडासाठी होता.

तर भाचीला काय सांगितलं?

तिच्या यादीतले "लव्ह बर्ड्स" म्हणजे खरंतर बजरीगर. आपल्या बाजारात बजरीगरलाच लव्ह बर्ड म्हणतात, खरे लव्ह बर्ड आफ्रिकेतले आणि वेगळे. बजरीगर ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्डने १८४० मध्ये जिवंत पक्षी इंग्लंडला नेले आणि तेव्हापासून त्यांची पिंजऱ्यातच पैदास होतेय. आज दुकानात असतो तो पिढ्यान्‌पिढ्या घरात जन्मलेला. ढोलीत हात घालायची गरज नाही. थव्यातला पक्षी असल्यामुळे सोबत हवी असते आणि सोबत ओळखतो. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजरीगरला १,७२८ शब्द येत होते, गिनीज बुकात नोंद आहे. घ्यायचाच तर लहान घ्या: कपाळावरच्या रेघा चोचीपर्यंत आलेल्या असतील तर तो कोवळा. चोचीच्या वरचा भाग मोठ्या नराचा निळा, मादीचा तपकिरी. पण दोन घ्या. आणि दोन घेतले की ते आधी एकमेकांचे होणार, मग तुमचे. "दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही" ही अट तिथेच गळते. गिनिपिगचंही तेच. दक्षिण अमेरिकेत हजारो वर्षं पाळलेला, कळपातला, स्वभावाने गरीब. स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा गिनिपिग ठेवणं कायद्याने मना आहे.

(महागडे परदेशी पक्षी घेणाऱ्यांसाठी: बजरीगर, कॉकटेल आणि गुलाबी तोंडाचा लव्ह बर्ड आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीत नाहीत. आफ्रिकन ग्रे वगैरे आहेत, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. दुकानदार "काही लागत नाही" म्हणतो. दंड त्याला होत नाही.)

मी भाचीला खरं काय ते सांगितलं. की फक्त तुझाच होणारा प्राणी हवा असेल, तर त्याचं बाकीचं सगळं काढून घ्यावं लागतं. माझ्या गुलाबी पिल्लाचं हॅचरीने काढून घेतलं होतं आणि मी आयता मिळालो. मला स्वतःला आता तसं करवणार नाही. पण थोडा कमी लळा चालणार असेल, जो हळूहळू लागतो, दाण्याने आणि रोज त्याच वेळी त्याच जागी बसण्याने, तर त्यासाठी दुकानात जायची गरज नाही.

तिला सगळं पटलं असं नाही. दहा वर्षांची आहे, तिने पहिलं विचारलं, "मग कमी म्हणजे किती?"

सध्याची स्थिती अशी. आईकडे एक गावठी कोंबडी खुडूक बसलीय, अकरा अंड्यांवर. एकवीस दिवस लागतात. पिल्लं कोंबडीखालीच राहणार, भाची रोज शाळेतून आल्यावर तांदळाची कणी घेऊन बाजूला बसणार, हात पुढे करायचा नाही, तळहात जमिनीला टेकवून ठेवायचा. पहिल्या आठवड्यात राणीखेतची लस, त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवायचं. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. कोंबडी किंवा पिल्लं अचानक मरायला लागली तर लपवायचं नाही, दवाखान्यात कळवायचं. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू परत येऊन गेलाय, आणि हे मी तिला लपवलेलं नाही. बाबांनीही तिला बांधावरची जागा दाखवली म्हणे.

काल रात्री तिचा मेसेज आला. आजीने अंडी कंदिलासमोर धरून बघितली, नऊ भरलेली आहेत, दोन रिकामी. आणि तिने कोंबडीच्या बाजूला आपलं पाट नेऊन ठेवलंय, आतापासूनच. कोंबडी एकदा चोच मारायला आली, मग गप्प बसली.